एक तास पन्नास मिनिटं

जावयाचा फोन आला तेव्हा मी अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. आमचे भूषणराव, म्हणजे बुद्धभूषण, एरवी आधी "जय भीम बाबा, जेवण झालं का" विचारतात आणि मग सावकाश मुद्द्यावर येतात. त्या दिवशी एकदम म्हणाले, "बाबा, साक्षीला मुलगी झाली. बाळ ठीक आहे. पण साक्षीचं रक्त थांबत नाहीये. तुम्हाला आजच्या आज यावं लागेल."

पहिलं वाक्य ऐकून मी हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

नाशिक ते बेंगळुरू रस्त्यानं हजार किलोमीटरच्या वर. मोटारीनं वीस तास. रेल्वेनं त्याहून जास्त, तेही गाडीत जागा मिळाली तर. विमानानं पावणेनऊशे किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं. हे आकडे मला तोंडपाठ होते, कारण लग्न होऊन तिकडे गेल्यापासून तीन वर्षं साक्षी मला तेच ऐकवत होती. "बाबा, फक्त एक तास पन्नास मिनिटं! सीबीएस स्टँडवरून ओझरला जायला ट्रॅफिकमध्ये तेवढा वेळ लागतो." मी म्हणायचो, "ओझरला जाताना खाली रस्ता असतो, बाई."

मी ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा तपासणी खात्यात. लढाऊ विमानाच्या पत्र्यावरचा एकेक रिव्हेट, एकेक स्क्रू बोटानं चाचपायचा, डोळ्यानं बघायचा आणि मगच पास करायचा, हे माझं काम. आणि इतकं करून मी आयुष्यात कधी विमानात बसलो नव्हतो. लोक हसायचे. विमान बांधणारा विमानाला भितो कसा, म्हणायचे. अहो, आत काय काय सैल होऊ शकतं हे ज्याला माहीत आहे तोच भिणार ना? ज्याला काहीच माहीत नाही तो खिडकीतून ढगांचे फोटो काढतो.

आता रक्ताचं सांगतो. माझ्या कारखान्याच्या ओळखपत्रावर 'ओ पॉझिटिव्ह' छापलेलं होतं आणि मी ते खरं मानून चाललो होतो. आठ वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं, तर चार दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. "काका, तुम्ही ओ नाही. तुमचा बॉम्बे ग्रुप आहे." मी म्हटलं, "मी उभ्या जन्मात मुंबईत चार दिवस राहिलो नाही, मला बॉम्बे कसला?" मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हा ग्रुप वरवर ओ सारखा दिसतो, पण त्याला ओ चं रक्त चालत नाही. बॉम्बेवाल्याला फक्त बॉम्बेवाल्याचंच चालतं, आणि असा माणूस हजारो लोकांत एखादा. त्यांनी विचारलं, बायको नात्यातली का? यशोदा माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात मामाची पोरगी म्हणजे हक्काची. बाई म्हणाल्या, "मग मुलीचंही तपासून घ्या." साक्षीचाही तोच निघाला.

त्यामुळे बाळंतपणाचं सगळं ठरवून ठेवलं होतं. यशोदा महिन्याभरापूर्वीच लेकीकडे गेली होती. तारखेच्या आठ दिवस आधी मी रेल्वेनं जाऊन बसायचं, चालती-बोलती रक्ताची पिशवी म्हणून. रेल्वेचं तिकीट माझ्या पाकिटात होतं. पण पोर वीस दिवस आधी आली.

"इथंच रक्त काढून विमानानं पाठवलं तर?" मी विचारलं.

"विचारलं मी डॉक्टरांना," भूषणराव म्हणाले. "काढायचं, तपासायचं, कागद करायचे, डब्यात भरायचं. तोवर विमान निघून जाईल. दिवसाला एकच आहे, दुपारी दोन चाळीसचं. एक पिशवी आम्ही मिळवून ठेवली होती ती सकाळीच संपली. हुबळीचा एक दाता आहे, तो तापानं पडलाय. बाबा, डॉक्टर म्हणतात सहापर्यंत तुम्ही इथं पाहिजे. मी तिकीट काढलंय."

मागून यशोदाचा आवाज आला. ती रडत नव्हती, आणि त्यानंच मी जास्त घाबरलो. "अहो, या हो," एवढंच म्हणाली.

नवनाथनं मला त्याच्या गाडीतून ओझरला सोडलं. नवनाथ आमच्याच आडगावच्या कॉलनीतला, कारखान्यात पेंटशॉपला होता. वाटेत तो म्हणाला, "धोंडीभाऊ, काय नाय होत. डोळे मिटून बसायचं, उघडले की बेंगळुरू."

"तू बसलास का कधी?"

"नाय," तो म्हणाला. "पण तुला धीर तर द्यायला पायजे ना."

ज्या धावपट्टीकडे मी चौतीस वर्षं हँगरच्या बाजूनं बघितलं होतं, तिच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं बघितलं. शिडी चढताना दाराच्या कडेला सवयीनं हात फिरवला, तशी दारात उभी असलेली हवाईसुंदरी हसली. "पहली बार, सर?" मी जरा ताठ होऊन म्हटलं, "हम इधर ओझर में विमान बनाते थे. चौतीस साल." ती कौतुकानं "वाव" म्हणाली. घाबरलेला माणूस फुशारकी फार मारतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

माझी जागा खिडकीची, पंखाच्या जरा मागची. शेजारी साठीच्या विठाबाई म्हणून एक बाई होत्या, कळवणकडच्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर कापडात बांधलेले नागलीचे पापड. मुलगा बेंगळुरूला पलटणीत होता, त्यानं बोलावलेलं. माझं आणि हवाईसुंदरीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "बरं झालं बाबा, कारखान्यातला माणूस शेजारी हाय," त्या म्हणाल्या. "माझा जीव नुस्ता खाली-वर व्हत व्हता. आता काय भ्याव नाय."

मी खिडकीतून पंखाकडे बघितलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांना अठरा वर्षांची सवय. फेब्रुवारीचं ऊन तिरपं पडलं होतं. तपासणीत आम्ही मुद्दाम तिरपा उजेड धरतो, कारण पत्र्यावर काही वर आलेलं असेल तर त्याची सावली पडते. पंखाच्या मागच्या भागावर एक हातभर लांबीचं झाकण होतं, कडेनं स्क्रूंची रांग. मी मोजायला लागलो. सातवा नव्हताच, नुसतं काळं भोक. आणि आठव्याची सावली पडली होती.

पुन्हा बघितलं. काच पुसून बघितलं. आठवा स्क्रू अंगठ्याच्या नखाएवढा वर आलेला होता.

याला आमच्या कारखान्यात 'प्राउड' म्हणतात. पत्र्याच्या वर डोकं काढलेला स्क्रू, रिव्हेट, काहीही असो, तो प्राउड. प्राउड दिसला की काम थांबलं. आमच्या टाउनशिपमधल्या पोरांना हा शब्द इंग्रजीच्या पुस्तकात येण्याआधी घरातच माहीत व्हायचा, आणि तो वाईट शब्द आहे असंच त्यांना वाटायचं. साक्षीनं चौथीत असताना बाईंना सांगितलं होतं, "प्राउड म्हणजे ज्याला ठोकून खाली बसवतात तो." बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं होतं.

एक स्क्रू निघाला म्हणून विमान पडत नाही, हे मलाही कळतं. पण एक नाही आणि दुसरा निघतोय, म्हणजे तिसऱ्यावर भार. आठशेच्या वेगानं वारा त्या झाकणाखाली घुसला आणि झाकण उपटून मागं शेपटीवर आदळलं, किंवा उतरताना पंखाच्या मागून बाहेर येणाऱ्या फळीत, म्हणजे फ्लॅपमध्ये अडकलं तर काय होतं, याचा मी एकदा जमिनीवरच्या चाचणीत नमुना पाहिला होता. तेव्हा आत कोणी नव्हतं. इथं पावणेदोनशे माणसं होती.

बेल दाबली पाहिजे हे कळत होतं. आणि दाबली तर काय होणार हेही कळत होतं. विमान थांबणार. या कंपनीचा इंजिनिअर ओझरला कुठला? मुंबईहून येणार, चार तास. तोवर उतरा सगळे. दिवसाला एकच विमान. आणि तिकडे माझी पोर सहा वाजायची वाट बघत पडलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

मी बेल दाबली.

तीच पोरगी आली. विमान हलायला लागलं होतं, इंजिनाचा आवाज वाढला होता. मी खिडकीकडे बोट करून म्हटलं, "मॅडम, वो उधर... स्क्रू प्राउड है."

तिला शेवटचेच शब्द ऐकू गेले असावेत. तिनं हात जोडले, इतकं गोड हसली, आणि म्हणाली, "सर, वी आर ऑल्सो व्हेरी प्राउड ऑफ यू." माझा पट्टा नीट लागलाय का ते बघितलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

मला हिंदी येते हो. चौतीस वर्षं मल्याळी, बंगाली, सरदार, सगळ्यांशी मी हिंदीतच भांडलो. 'स्क्रू निकल रहा है' हे चार शब्द म्हणायला मला अडचण नव्हती. ती पाठमोरी झाल्यावर हाक मारता आली असती. पुन्हा बेल दाबता आली असती. मी दाबली नाही. माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो: मी सांगितलं, तिला कळलं नाही, आता माझा दोष नाही. असं स्वतःला सांगून मी दोन्ही हात मांडीखाली घातले.

विठाबाई कौतुकानं म्हणाल्या, "काय म्हनली वो ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसा नीट, असं म्हणाली."

विमानानं धाव घेतली. पाठ खुर्चीला चिकटली, कानात दडे बसले, खालून कारखान्याची छपरं गेली. माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं. त्यात एक तास पन्नास मिळवले. चार सदतीस.

पहिली वीस मिनिटं मी स्क्रूवरून नजर काढली नाही. आपण बघत राहिलो तर तो जागेवर राहील, असं काहीतरी खुळ्यासारखं वाटत होतं. खाली गोदावरी गेली का दारणा, मला माहीत नाही. विमान ढगातून जाताना थरथरलं तेव्हा विठाबाईंनी माझं मनगट धरलं. "असं व्हतं का?"

"होतं," मी म्हटलं. "खराब रस्त्यावर एसटी नाही का हलत? तसंच."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि पापडांचं गाठोडं पोटाशी धरून डोळे मिटून घेतले. माझ्या भरवशावर त्यांना झोप लागली. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते तेव्हा कळलं. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती, आणि ती कोणाजवळ काढताही येत नव्हती.

तीन वाजून वीस मिनिटांनी आठवा स्क्रू आणखी वर आलेला दिसला. दिसला की भास झाला, शपथेवर सांगता येणार नाही. तीन पस्तीसला त्या कोपऱ्यातली झाकणाची कड फडफडल्यासारखी वाटली. मी मनात अंतर तोडत होतो. आता सोलापूर मागं पडलं असेल. आता निम्मं झालं. आता तीनशे राहिले. पाच मिनिटं झाली म्हणून घड्याळ बघावं तर दीड मिनिट झालेलं असायचं. मधेच साक्षी डोळ्यापुढं यायची, पांढरीफटक. मग वाटायचं, बरोबर केलंस धोंडीराम. मग शेजारची घोरणारी बाई दिसायची. पुढच्या सीटवर एक लहान पोर मागं वळून जीभ काढून दाखवत होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

चार वाजून दहा मिनिटांनी बघितलं तर आठवा स्क्रू नव्हता. दोन काळी भोकं.

आता बेल दाबून उपयोग नव्हता, आकाशात कोणी स्पॅनर घेऊन पंखावर जाणार नव्हतं. तरी वैमानिकाला कळवता आलं असतं, त्यानं वेग कमी ठेवला असता, फ्लॅप बेतानं काढले असते. हे मला माहीत होतं. पण आता सांगायचं म्हणजे 'आधी का नाही सांगितलं' हेही सांगणं आलं. मी भितो ते फक्त विमानाला, असं मला साठ वर्षं वाटत होतं.

फ्लॅप बाहेर येताना पंखातून एक खरखर आली. लोकांना ती नेहमीचीच वाटली असेल. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदा मनात लेकीचं नाव न घेता विठाबाईंचं घेतलं. मग चाकं टेकली. धक्का बसला, सगळे पुढं झुकले, आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

दारात ती पोरगी उभी होती, तिच्यामागं वैमानिकही. "बाय सर, टेक केअर." तिथं थांबून सांगायला पाव मिनिट पुरलं असतं. पण त्यांनी बसवून घेतलं असतं, प्रश्न विचारले असते, कागद आणले असते. मागून लोक ढकलत होते, खिशात फोन वाजत होता. विठाबाई म्हणाल्या, "लय आधार झाला बाबा तुमचा." मी मान हलवली आणि पळालो.

भूषणराव बाहेर गाडी घेऊन उभे होते. त्यांची दाढी वाढलेली, डोळे लाल. दवाखाना विमानतळाच्याच बाजूला होता, तरी पाऊण तास लागला. पाच पस्तीसला माझ्या दंडाला पट्टा आवळला गेला. नर्सनं सुई टोचली आणि हातात रबरी चेंडू दिला. "दाबत राहा अंकल." यशोदा दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकली.

पिशवी भरायला लागली तसं माझं डोकं जरा जागेवर आलं. आणि जागेवर आल्याबरोबर लक्षात आलं: विमान उभं राहत नसतं. पाऊण तासात झाडलोट करून, नवी माणसं भरून पुन्हा उडवतात.

"भूषणराव," मी म्हटलं, "विमान आत्ता कुठं आहे ते तुमच्या फोनवर दिसतं ना? नंबर सांगतो." शेपटीवरची अक्षरं मी चढतानाच वाचून ठेवली होती. दिसेल ते वाचायचंच, अशी खोडच आहे मला.

त्यांना वाटलं, म्हातारा अजून घाबरलेलाच आहे. तरी त्यांनी टाइप केलं. "पाच एकवीसला सुटलंय, बाबा. भुवनेश्वरला चाललंय."

"अंतर किती?"

"बाराशे किलोमीटर दाखवतंय. दोन तास."

माझ्या हातातला चेंडू खाली पडला. नर्सनं उचलून दिला. मी दाबायला लागलो, कारण ते रक्त माझ्या पोरीचं होतं. आणि दाबता दाबता भूषणरावांना सगळं सांगितलं. साध्या मराठीत, एकही कारखान्याचा शब्द न वापरता. पंखावरचं झाकण सुटतंय. नाशिकलाच दिसलं होतं. मी गप्प बसलो.

ते दोन क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग फोन कानाला लावून बाहेर गेले.

यशोदा जवळ आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "साक्षीसाठी..."

"माहितीये," ती म्हणाली. "मला नका सांगू. मी असते तर मीपण तेच केलं असतं. म्हणून तर मला भीती वाटतीये." आणि माझ्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं पुसला.

रक्त घेऊन गेले. बापाचं रक्त लेकीला सरळ चालत नाही म्हणे, तपासून, वर कसल्या मशिनीतून काढून द्यावं लागतं. दीड-दोन तास. आणि विमानालाही दोन तास. आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. भूषणराव एका नंबरवरून दुसऱ्या नंबरवर जात होते. आधी वाद्यसंगीत, मग एक बाई, मग दुसरी बाई, मग कोणीतरी माणूस. प्रत्येकाला ते पहिल्यापासून सांगत होते. शेवटचा माणूस म्हणाला, वैमानिकाला कळवतो. पुढं काही नाही. फोनच्या पडद्यावर पिवळं विमान समुद्राच्या कडेकडेनं मुंगीसारखं सरकत होतं. मधे एकदा ते चार मिनिटं एकाच जागी थांबलं. भूषणराव म्हणाले, सिग्नल गेला असेल. आतल्या खोलीत लेक, वर आकाशात ती सगळी परकी माणसं, आणि मी दोन्हीकडे एकसारखाच घाबरलेला. इतकं सगळं एका माणसाच्या पोटात मावू नये.

सात चोवीसला विमान टेकलं. पडद्यावर तसं लिहून आलं. भूषणरावांनी फोन मला दाखवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

सात पंचेचाळीसला साक्षीला रक्त सुरू झालं. काचेतून दिसत होतं. तिचे ओठ पांढरे होते, पण ती जागी होती. मला बघून तिनं बोटं हलवली. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव आता बराच कमी आहे, ही पिशवी वेळेवर आली. हुबळीच्या माणसाचा ताप उतरला की पुढं दुसरी मिळेल. तेवढ्यात एका नर्सनं नातीला आणून दुरून दाखवलं. लालेलाल, मुठी आवळलेली. मी हसलो की रडलो मला सांगता येत नाही.

आठ वाजून गेले होते तेव्हा भूषणरावांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि माझ्या हातात दिला. विमान कंपनीतला इंजिनिअर होता, भुवनेश्वरहून. हिंदीत बोलत होता. आवाजावरून तिशीतला वाटला.

"अंकल, आपका शुक्रिया," तो म्हणाला. "पॅनल का कोना उठ गया था. चार स्क्रू गायब हैं, फ्लॅप पर घिसने का निशान है. कॅप्टन को मेसेज मिला था, इसलिए उसने आराम से लँडिंग की. विमान हमने रोक दिया है." मग जरा थांबून म्हणाला, "रिपोर्ट लिखनी है. आपने यह कब देखा? उड़ने के बाद?"

त्यानं स्वतःच उत्तर हातात ठेवलं होतं. नुसतं 'हां' म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांनी माझं कौतुकच केलं असतं. काचेपलीकडे पिशवी निम्मी रिकामी झाली होती आणि साक्षीच्या गालावर किंचित रंग दिसायला लागला होता. यशोदा माझ्याकडे बघत होती.

"नहीं," मी म्हटलं. "उड़ने से पहले. नाशिक में."

त्याचा पुढचा प्रश्न आला, "तो आपने किसी को बताया?"

"बताया," मी म्हटलं. "ऐसे बताया कि समझ में न आए. और जब नहीं समझी, तो मैं चुप बैठा."

मग त्यानं विचारलं, "क्यों, अंकल?" आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी त्याला लेकीचं सांगितलं. ते ऐकून तो म्हणाला, "यह मैं रिपोर्ट में न लिखूं तो चलेगा. विमान तो उतर गया."

"लिखो," मी म्हटलं.

त्याच्या बाजूला टाइप करण्याचा आवाज सुरू झाला. मी पहिल्यापासून सांगायला लागलो. किती वाजता बसलो, कुठल्या खिडकीतून बघितलं, कितवा स्क्रू नव्हता, कितवा वर आला होता, बेल कधी दाबली आणि दुसऱ्यांदा का दाबली नाही. एकेक वाक्य थांबून थांबून सांगितलं, म्हणजे त्याचं लिहायचं काही सुटू नये.